घोड्याची पारख करणारी राणी

भूमच्या रस्त्यावरून वरात निघते तेव्हा नवरदेवाचा घोडा तुम्ही पाहिलाच असेल. समोर बँड वाजतो, फटाक्यांच्या माळा फुटतात, पोरे नाचतात. तरी घोडा आपला शांतपणे एक एक पाऊल टाकत असतो. आता अशी कल्पना करा, की हाच घोडा आज पहिल्यांदाच वरातीत आला आहे. पहिला फटाका फुटताच तो बुजेल, मागच्या पायांवर उभा राहील आणि बिचाऱ्या नवरदेवाला कोठे नेऊन टाकील याचा नेम नाही!

घोडा हा स्वभावाने भित्रा प्राणी आहे. देह मोठा, ताकद माणसाच्या कितीतरी पट. पण त्याला शिंगे नाहीत आणि पंजेही नाहीत. भीती वाटली की पळायचे, एवढेच तो जाणतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चोहोकडचे दिसते. मात्र अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. वाऱ्याने उडालेला कागदही त्याला एखाद्या श्वापदासारखा वाटतो.

असा हा प्राणी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या शब्दाबरोबर धावत असे. पाठीला बांधलेले मूल, हातात तलवार आणि दोन पायांवर उभा राहिलेला घोडा हे त्यांचे चित्र तुम्ही पुष्कळदा पाहिले आहे. ते पाहून आपल्याला वाटते की राणीला भीती ठाऊकच नसावी. चित्रात एक गोष्ट दिसत नाही. त्या क्षणाआधी त्यांनी किती वर्षे रोज पहाटे घोडा फिरवला होता, ती ही गोष्ट.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. तिचा जन्म काशीला, १९ नोव्हेंबर १८२८ रोजी झाला असे मानतात. वडील मोरोपंत तांबे हे मराठी गृहस्थ पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. आई भागीरथीबाई मनू चार वर्षांची असतानाच वारली. पुढे मोरोपंत कानपूरजवळच्या बिठूरला आले. गादी गेलेले दुसरे बाजीराव पेशवे तेथे राहत होते. आई नसल्यामुळे मनू वडिलांबरोबर पुरुषमंडळींतच वाढली. पेशव्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्याबरोबर ती लिहायला-वाचायला शिकली, तलवार शिकली आणि घोड्यावर बसायलाही शिकली. त्या काळी मुलीने घोड्यावर बसणे ही साधी गोष्ट नव्हती. तिला कोणी अडवले नाही, हे तिचे भाग्यच म्हणायचे.

घोड्यावर बसणे म्हणजे नुसते उडी मारून खोगिरावर चढणे नव्हे. स्वाराची मांड पक्की लागते. घोडा दचकला तरी मांड सुटता कामा नये, आणि दचकलेल्या घोड्याचा लगाम एकदम खेचताही कामा नये. लगाम खेचला की घोड्याच्या तोंडाला कळ लागते. त्याला वाटते, ज्याची भीती वाटली ते खरोखरच आपल्या अंगावर आले! मग तो उधळतो. नवशिका स्वार घाबरून मांड्या आवळतो, श्वास रोखतो. घोड्याला हे सारे पाठीवर कळते. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. स्वारांना सांगितले होते की पुढच्या फेरीला घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी नुसत्या कल्पनेने स्वारांच्या छातीचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. भीती अशी स्वाराकडून घोड्याकडे जाते. वर्गात उभे राहून मराठी वाचताना पहिला विद्यार्थी अडखळला की पुढच्याचाही आवाज कापू लागतो, तसेच हे.

इ. स. १८४२ मध्ये मनूचे लग्न झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. इ. स. १८५१ मध्ये राणीला मुलगा झाला, पण तो चार महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये राजांनी नात्यातला पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी राजांचा मृत्यू झाला. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केले व इ. स. १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीला किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहावे लागले. राज्य गेले, पती गेला, पोटचा मुलगाही गेला होता.

या काळातही त्यांनी घोडा सोडला नाही. पुढे झाशीत त्यांना जवळून पाहिलेल्या एका मराठी माणसाने त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. पहाटे उठून मल्लखांब करायचा आणि मग घोडा मंडळावर धरायचा, असा राणीचा नेम असल्याचे त्यात लिहिले आहे. मंडळावर धरणे म्हणजे मोकळ्या जागेत घोडा गोल गोल फिरवणे. आपल्याला हे कंटाळवाणे वाटेल. पण घोड्याला त्यातून स्वाराचा हात कळतो, त्याचा आवाज कळतो, थांबायचे कधी आणि वळायचे कधी हे कळते. मंडळावर घोडा शांत झाला की मग त्याला मोकळ्या माळावर न्यावे, त्यानंतर लहान चर, त्यानंतर ओढा आणि भिंत. बुजऱ्या घोड्याबरोबर एक जुना, समजूतदार घोडा चालवला तर त्याला धीर येतो. ज्या वस्तूला तो भितो, तिच्याजवळ त्याला ओढत नेऊ नये. लांबून पाहू द्यावे, थोपटावे, थोडे जवळ न्यावे. जाणते स्वार असेच करतात. घाई केली तर महिन्याभराचे काम एका दिवसात बिघडते.

खरारा, लगाम, रिकीब, नाल, चाबूक, सवार हे शब्द तुम्हाला उर्दूतूनही ओळखीचे वाटले असतील. ते फार्सी-उर्दूच्या वाटेने दख्खनच्या घोडदळातून मराठीत आले आणि येथेच रमले. आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्याशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या मलिक अंबरच्या फौजेत मराठे, हबशी आणि दखनी मुसलमान एकाच पागेतल्या बोलीत बोलत असतील.

राणी घोड्याची पारख फार चांगली करीत, अशी त्यांची ख्याती होती. एक गोष्ट सांगतात, की एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही दिसायला सारखेच देखणे. राणीने दोघांवर बसून फेरी मारली आणि एकाची किंमत भरपूर, तर दुसऱ्याची अगदीच थोडी सांगितली. दुसऱ्याच्या छातीला आतून मार बसला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. सौदागराने ते कबूल केले. गोष्टीत थोडीफार भर पडली असेल. पण चांगल्या स्वाराला घोड्याची चाल बसल्याबसल्या कळते, यात खोटे काही नाही.

जून १८५७ मध्ये झाशीत उठाव झाला आणि पुढे कारभार राणीच्या हाती आला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. राणीच्या बाजूने हिंदू होते, मुसलमान होते. त्यांचा नामांकित गोलंदाज गुलाम गौस खान तोफेजवळच मारला गेला. तात्या टोपे मदतीला आले, पण त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री राणी बाहेर पडल्या. किल्ल्याच्या तटावरून घोड्यासह उडी घेतल्याची जागा झाशीत दाखवतात. इतिहासकार मात्र त्या थोड्या स्वारांनिशी भांडेरी दरवाजाने गेल्या असे मानतात. मला दुसरीच हकिकत अधिक थोर वाटते. काळोख, सगळीकडे आग आणि बंदुकांचे बार, आणि पाठीशी मुलगा! चित्रात तो तान्हा दिसतो, पण तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असणार. अशा वेळी घोडा जरा जरी बुजला असता तर सारे संपले असते. दुसऱ्या दिवशी भांडेरजवळ इंग्रज स्वारांनी त्यांना गाठले. तेथे चकमक झाली, एक इंग्रज अधिकारी जखमी झाला आणि राणी निसटल्या. सुमारे दीडशे किलोमीटरची मजल मारून त्या काल्पीला पोचल्या. तेथे पोचताच त्यांचा घोडा कोसळून मेला असे सांगतात.

काल्पीच्या वाटेवर विष्णुभटजींची आणि त्यांची पुन्हा भेट झाली. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, आणि तहान लागलेली. भटजी विहिरीतून पाणी काढून देऊ लागले. राणीने त्यांना थांबवले आणि स्वतः दोर ओढून पाणी काढले.

मे महिन्यात काल्पीही पडली. १ जून १८५८ रोजी बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतले. तेथे सोहळे आणि मेजवान्या सुरू झाल्या. राणीला मात्र फौजेची चिंता होती. त्यांचा नेहमीचा घोडा आता उरला नव्हता. जुन्या चरित्रांत असे सांगितले आहे, की त्यांनी शिंद्यांच्या पागेतला एक घोडा घेतला. तो दिसायला उमदा होता, पण राणीचा हात त्याला ठाऊक नव्हता. मंडळावर धरायला, माळावर न्यायला, ओढा दाखवायला दिवस होते कोठे? १७ जूनला कोटा-की-सराईजवळ इंग्रज घोडदळाशी गाठ पडली. राणी स्वाराच्या वेषात लढत होत्या. मागे हटताना वाटेत एक लहानसा नाला आला. झाशीच्या घोड्याने तो नाला सहज ओलांडला असता. हा घोडा मात्र काठाशी येऊन अडला, जागच्या जागी फिरू लागला. राणीने टाच दिली, पण तो पुढे पाऊल टाकीना. तेवढ्यात मागचे स्वार येऊन भिडले.

जखमी राणीला त्यांच्या माणसांनी जवळच नेले. तेथेच त्यांचा मृत्यू झाला आणि घाईने दहन करण्यात आले. ग्वाल्हेरच्या फूलबागेत त्यांची समाधी आहे.

दामोदरराव वाचला. राणीच्या इमानी माणसांनी त्याला रानावनातून लपवत नेले. अखेर तो इंदूरला पोचला, इंग्रज सरकारच्या तुटपुंज्या पेन्शनवर राहिला आणि १९०६ साली तेथेच वारला. झाशीचे राज्य त्याला कधीच परत मिळाले नाही.