येसूबाईंच्या माहेराकडं बघताना

परवा आम्ही दोघं तासगावहून चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. यांना गवे बघायची हौस! माझा जीव मात्र रानाच्या पार टोकाच्या प्राचीतगडाकडं. त्याच्या पायथ्याशी कोकणातलं शृंगारपूर, शिर्क्यांचं गाव, म्हणजे येसूबाईंचं माहेर.

१६८९ साली संभाजीराजे मोगलांच्या हाती पडले. शाहू जेमतेम सहा-सात वर्षांचा. तरी पोटच्या पोराला मागं ठेवून येसूबाईंनी धाकट्या दिराला, राजारामांना गादीवर बसवलं. (आपल्याकडं एका बांधावरून भावकी फुटते!) पुढं रायगड पडला, मायलेक कैदेत गेले. १७०७ ला शाहू सुटले, आई मात्र ओलीसच. साताऱ्याला त्या आल्या १७१९ साली. मैत्रिणींनो, जवळजवळ तीस वर्षं!

गवा काही दिसला नाही. हे खट्टू. मी गाडीत शेवटची बारा वर्षंच मोजत होते.