रुडॉल्फ विर्खो: तुकड्यात कॅन्सर नव्हता, घशात होता

बायोप्सीत कॅन्सर नाही असं लिहून आलं की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण तो रिपोर्ट फक्त काढलेल्या तुकड्याबद्दल बोलत असतो. हा फरक ज्यांच्या बाबतीत सगळ्या युरोपने पाहिला, ते म्हणजे आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक रुडॉल्फ विर्खो.

जन्म १८२१ चा, प्रशियातला. १८४८ मध्ये सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं, तर यांनी अहवालात गरिबी आणि सरकारी कारभारावरच बोट ठेवलं! त्याच वर्षीच्या क्रांतीतही उतरले. मग बर्लिन सोडून वुर्त्सबुर्गला जावं लागलं. १८५६ ला परतले आणि १८५८ मध्ये पेशी-विकृतिशास्त्रावरची त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपात आली. मुद्दा साधा होता: आजार पेशीत शोधा. आजही गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली जातो तो याच विचाराने.

आता १८८७. जर्मन युवराज फ्रीडरिश यांचा आवाज बसला, स्वरयंत्रात गाठ दिसली. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरचा संशय होता, शस्त्रक्रियेची तयारी झाली होती. ब्रिटिश तज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी म्हणाले, आधी तुकडा तपासा. विर्खोंना त्यात कॅन्सर सापडला नाही. शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये फ्रीडरिश सम्राट झाले आणि ९९ दिवसांत कॅन्सरने गेले. माझ्या मते दोष नजरेचा कमी, सॅम्पलचा जास्त.

आज काय वेगळं झालं असतं? पेशींच्या आकाराबरोबर त्यांच्यातले रेणूही तपासता येतात. अँटिबॉडी वापरून विशिष्ट प्रथिनं रंगवतात, डीएनए वाचून म्युटेशन शोधतात. मेंदूच्या काही गाठींचं तर २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नावच दोन्ही मिळून ठरतं: पेशी कशा दिसतात आणि आयडीएच जनुकात बदल आहे का.

पण सिक्वेन्सिंग मशीन आलं म्हणून मायक्रोस्कोप अडगळीत गेला नाही हं. डीएनए काढण्याआधी पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर गाठीचा भाग आखून देतो, त्यात कॅन्सरच्या पेशी अंदाजे किती टक्के आहेत तेही सांगतो. त्या फारच कमी असतील तर म्युटेशन निरोगी डीएनएच्या गर्दीत हरवतं. आणि तुकड्यात कॅन्सरची पेशीच आली नसेल, तर मशीनचाही विर्खो होतो. इनपुटच चुकलं तर आउटपुट कुठून बरोबर येणार?

विर्खोंचेच सहायक डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्ये गाठींतल्या पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी असमान होते हे दाखवलं. विर्खो १९०२ मध्ये, चालत्या ट्रॅममधून उतरताना मांडीचं हाड मोडल्यावर काही महिन्यांनी वारले. त्याच वर्षी वुर्त्सबुर्गचेच थिओडोर बोव्हेरी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना, गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीतून कॅन्सर होत असेल का, हा प्रश्न मांडत होते.