हाफकिनसाहेब आणि आपले उंडेरा

पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ साली सुरुवात झाली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी मार्च महिन्यात तेहतीस वर्षांचा एक परदेशी गृहस्थ कलकत्त्याला आला. जन्माने रशियाचा, धर्माने ज्यू, फ्रान्समध्ये काम केलेला आणि इंग्रजांच्या राज्यात उपरा. त्याच्यापाशी कॉलऱ्याची, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या भाषेत पटकीची, लस होती. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

मुंबईच्या परळ भागातली हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्याला नावाने माहीत आहे. सर्पदंशावरचे औषध आणि पोलिओचे डोस यांच्याशी हे नाव जोडलेले आहे. पण हा हाफकिन कोण होता आणि त्याच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या वडोदऱ्याच्या वेशीवरच्या उंडेरा गावात कसा घडला, हे आपल्या जुन्या मराठी घरांतही फारसे बोलले जात नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात झाला. तिथल्या विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ गुरू लाभले. त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर दंगेखोर चालून जात. आपल्या लोकांचे रक्षण करणाऱ्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली आणि मेचनिकोव्ह यांनी खटपट केल्यामुळे ते सुटले. पुढे धर्म बदलला तर प्राध्यापकाची जागा मिळेल असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि जागा गेली. १८८८ साली त्यांनी देश सोडला. प्रथम ते जिनिव्हाला गेले आणि नंतर पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत पोहोचले. तिथे त्या वेळी मोकळी असलेली जागा ग्रंथपालाची होती. ती त्यांनी आनंदाने घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःच्या अंगात.

कॉलऱ्याचे माहेरघर बंगाल, म्हणून ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत लोक त्यांना घाबरले आणि त्यांच्यावर दगडही आले. या वेळी काही बंगाली डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लोकांच्या देखत आधी स्वतः सुई टोचून घ्यायची आणि मग पुढच्याला विचारायचे, अशी त्यांची रीत होती. आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत ते हिंडले. अडीच वर्षांत सुमारे ४२,००० माणसांना लस दिली गेली. या फिरतीत त्यांना मलेरियाने गाठले आणि १८९५ साली त्यांना इंग्लंडला परतावे लागले. तब्येत पुरती सुधारली नव्हती, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा इकडे आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जांघेत नाही तर काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि दोन-चार दिवसांत घरातून तिरडी उठायची. आपल्याकडे या साथीला मरकी म्हणत. सरकारने हाफकिन यांना बोलावले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईत दाखल झाले. त्यांना प्रयोगशाळा म्हणून ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि एक ओसरी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई दिले. आम्ही सरकारी कचेरीत वीस वर्षे काढली आहेत. मंजूर जागा, रिकामी जागा आणि प्रत्यक्ष हजर माणसे यांचा हिशेब आम्हाला चांगला कळतो. त्यामुळे हा आकडा वाचून आम्ही थबकलो. एवढ्या मोठ्या शहराला विळखा घालणाऱ्या रोगावर तोड काढायची होती आणि हाताशी इतकीच माणसे होती.

तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायचे आणि वर आपल्या घरातल्या साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली लोंबत वाढत. मग ते सगळे तापवून जंतू मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही स्वतःला टोचून घेतली, आणि नंतर इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त घेतली. ताप आला, अंग ठणकले, पण ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या जवळजवळ निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली आणि तिचा गुण दिसला.

औषध सापडले म्हणजे काम झाले असे मात्र नव्हते. १८९७ साल म्हणजे पुण्याचे ते वर्ष. गोरे सोजीर घरात शिरत, देवघर पाहत नसत की स्वयंपाकघर. आजारी माणसाला उचलून नेत आणि सामान जाळत. लोकांचा संताप कुठवर गेला, रँडचे काय झाले आणि चापेकर बंधूंना कोणती शिक्षा झाली, हे आपण जाणतोच. त्याच पुण्यात त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एकच होता. एकीकडे सरकारी जबरदस्ती होती आणि दुसरीकडे अशी सेवा होती. अशा वेळी सुई घेऊन आलेल्या परदेशी माणसावर गावाने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्तच होता.

तो विश्वास मिळवण्यात समाजांनी पुढाकार घेतला. मुंबईच्या खोजा जमातीचे प्रमुख आगाखान तिसरे त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या लोकांदेखत स्वतः लस टोचून घेतली आणि नंतर प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. त्यांच्यामागे जमातीतल्या हजारो माणसांनी लस घेतली. आपल्या गुजरातच्या दक्षिण टोकाला, त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या दमणमध्येही १८९७ च्या साथीत लस दिली गेली. तिथला हिशेब पाहा. लस घेतलेल्या २,१९७ माणसांपैकी ३६ दगावली. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ दगावली. म्हणजे एका बाजूला शंभरात दोनही नाहीत आणि दुसऱ्या बाजूला शंभरात चोवीस-पंचवीस.

तरी शंकेला जागा होती. लस घेणारे लोक मुळातच सुस्थितीतले, स्वच्छ घरात राहणारे असतील, म्हणून वाचले असतील, असे कोणीही म्हणू शकत होते. ही शंका फेडण्यासाठी एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांची तुलना व्हायला हवी होती. ती झाली आपल्या उंडेऱ्यात.

गोरव्याच्या पुढे, रिफायनरीच्या बाजूला असलेले हे गाव आज शहराला चिकटले आहे. तेव्हा ते वडोदऱ्यापासून सुमारे सहा मैलांवरचे, सयाजीराव महाराजांच्या राज्यातले एक साधे शेतकरी गाव होते. शहरात आजव्याचे नळाचे पाणी आलेले असले तरी खेड्याचा कारभार विहिरीवर आणि तळ्यावर चाले. १८९८ च्या सुरुवातीला गावात प्लेग होता. फेब्रुवारीत हाफकिन आणि त्यांच्या बरोबरचे डॉक्टर तिथे गेले. एकेक कुटुंब समोर घेऊन त्यांनी घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. पुरुष, बायका, मुले, धडधाकट आणि अशक्त असे सगळे दोन्ही बाजूंना सारखे येतील, अशी काळजी घेतली. काही आठवड्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली. ज्या घरांत प्लेग शिरला होता ती अठ्ठावीस घरे निघाली. त्या घरांतल्या लस घेतलेल्या ७१ माणसांपैकी ३ गेली आणि लस न घेतलेल्या ६४ पैकी २६ गेली. लस न घेतलेल्यांच्याच प्रमाणात मरण आले असते तर त्या ७१ मधली सुमारे २९ माणसे गेली असती. म्हणजे त्या एका गावातली सव्वीसेक माणसे वाचली.

हे आकडे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. वाचलेल्यांचा आनंद खराच. पण ज्या निम्म्यांना सुई मिळाली नाही त्यांचे काय? एकाच घरात भावाला मिळाली, बहिणीला नाही. आज असा प्रयोग माणसांच्या संमतीशिवाय कोणी करू शकणार नाही, नियमच करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्या वेळी लस खरोखर गुणकारी आहे की नाही हेच ठरायचे होते, हेही तितकेच खरे. पण त्या निर्णयाची किंमत उंडेऱ्याच्या घरांनी मोजली. पुढे ज्या लाखो लोकांनी ही लस घेतली, त्यांच्या विश्वासामागे या अठ्ठावीस घरांचाही वाटा आहे. त्या माणसांची नावे कोणत्याही पाटीवर आमच्या पाहण्यात आलेली नाहीत. हाफकिन यांचे चरित्र सांगताना म्हणूनच त्यांचाही उल्लेख करायला हवा.

ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा गेली. एक खोली आणि ओसरीतून निघालेले काम राजवाड्यासारख्या इमारतीत आले. लशीची मागणी देशभरातून येऊ लागली. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल या खेड्यात घात झाला. त्या दिवशी तिथे १०७ माणसांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ माणसांना धनुर्वात झाला आणि ती सगळी दगावली.

एकोणीस घरांवर आकाश कोसळले, त्यापुढे बाकी सगळे दुय्यम आहे. पण चौकशीचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला. जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून त्यांनी पद्धतीत बदल केला होता, त्यावर बोट ठेवले गेले. त्यांना कामावरून दूर केले गेले आणि ते परत युरोपात गेले. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी मलकोवालमध्ये ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ही नोंद कागदपत्रांत होती, पण ती योग्य माणसाने योग्य वेळी वाचण्यात वर्षे गेली. १९०७ साली मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली. तेव्हा कुठे सरकारने त्यांना निर्दोष मानून परत बोलावले.

ते परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. पूर्वीसारखे मोठे काम त्यांच्या वाट्याला पुन्हा आले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांचा ओढा स्वधर्माकडे वाढला आणि आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवली. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, हे त्यांना जिवंतपणी पाहायला मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

हाफकिन यांच्या आयुष्यातून आम्ही एक गोष्ट घेतली. खेड्यातले आरोग्य एकट्या डॉक्टरने सुधारत नाही आणि एकट्या सरकारी हुकुमानेही सुधारत नाही. गावातल्या कोणीतरी आधी हात पुढे करावा लागतो. कलकत्त्यात तो बंगाली डॉक्टरांनी केला, मुंबईत जमातीच्या प्रमुखाने केला. आजही पोलिओच्या रविवारी आशाताई, अंगणवाडीच्या बहिणी, तलाटी आणि शाळेचे शिक्षक बूथवर बसतात, तेव्हा शेजारी गावातले एखादे वडीलधारे माणूस खुर्ची टाकून बसले की रांग लगेच वाढते. हे आम्ही कामाच्या निमित्ताने अनेक गावांत पाहिले आहे. आणि पडलेला चिमटा पुन्हा निर्जंतुक करण्याचे साधे काम एकाने टाळले, तर त्या खुर्चीचा आधारही पुरत नाही.

आपली मंडळे उत्सवात रक्तदान आणि आरोग्य तपासणीची शिबिरे घेतात. ती बहुतेक शहरातच होतात. यंदा त्यातले एखादे शिबिर शहराबाहेरच्या गावात घ्यावे आणि त्याची सुरुवात उंडेऱ्यापासून करावी, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे. त्या गावाचे आपण सगळेच थोडे देणे लागतो.

गणपती बाप्पा मोरया!