होडीला पाण्याची खोली कळते ती या माणसामुळे, आणि त्यालाच नाझींनी तुरुंगात टाकलं होतं

शिडाची छोटी होडी घेतली की मालक एका प्रश्नावर हमखास अडकतो. ट्रान्सड्यूसर कुठं बसवायचा?

ट्रान्सड्यूसर म्हणजे डेप्थ साउंडरचा पाण्याकडचा भाग. छोट्या डबीत एक चकती असते. ती पाण्यात आवाज सोडते, तळावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी पकडते, आणि लागलेल्या वेळेवरून पडद्यावर खोली दिसते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. 15 मीटर खोल पाण्यात जाऊन यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो.

या चकतीला पाण्याखाली कामाला लावलं पॉल लांजव्हँ यांनी. त्यांचं नाव आज निघतं ते बहुतेक मेरी क्युरींच्या प्रकरणात. पण गडी त्यापेक्षा बराच मोठा होता.

जन्म 23 जानेवारी 1872, पॅरिसचा. कॉलेजात शिकवायला होते पिएर क्युरी, म्हणजे मेरी यांचे पुढं झालेले पती. पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी 1880 मध्ये दाखवून दिलं होतं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर वीज तयार होते. उलटंही खरं निघालं. वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो, फुगतो. शोध भारी होता, पण पुढची तीसेक वर्षं तो प्रयोगशाळेच्या बाहेर फारसा पडलाच नाही.

लांजव्हँ केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्याकडे जाऊन आले, 1902 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि चुंबकत्वावर नाव कमावलं. 1906 मध्ये घोडागाडीखाली येऊन पिएर गेले. 1911 मध्ये लांजव्हँ आणि मेरी यांच्या नात्याची पत्रं पेपरात छापली गेली. लांजव्हँ विवाहित, चार मुलांचे बाप. त्यांनी एका संपादकाला द्वंद्वाचं आव्हान दिलं. पिस्तुलं आली, साक्षीदार आले, पण गोळी कुणीच झाडली नाही. चिखल मात्र जास्त उडाला तो मेरी यांच्यावर.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि पाण्याखालचं काहीच दिसत नव्हतं. 1915 मध्ये कॉन्स्टंटिन शिलोव्स्की या रशियन इंजिनिअरनं फ्रेंच सरकारला सुचवलं की माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडा आणि प्रतिध्वनी ऐका. काम लांजव्हँ यांच्याकडे आलं. आधी सीन नदीत आणि मग तुलाँच्या नौदल तळावर प्रयोग झाले. सुरुवातीचं यंत्र अभ्रकाचं होतं. प्रतिध्वनी यायचा, पण कमजोर.

1917 मध्ये त्यांनी आपल्या गुरूंचा क्वार्ट्झ बाहेर काढला. अडचण अशी की हवा तेवढा खालचा आवाज काढायला स्फटिक बराच जाड लागतो, आणि जाड स्फटिकाला अफाट व्होल्टेज लागतं. लांजव्हँ यांनी काय केलं, तर क्वार्ट्झचे पातळ तुकडे दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये चिकटवले. सँडविचच म्हणा ना. सगळं मिळून एक जाड चकती झाली, सेकंदाला साधारण 40 हजार वेळा थरथरणारी. 1918 मध्ये पाणबुडीचा प्रतिध्वनी किलोमीटरहून जास्त अंतरावरून आला. आवाज इतका जोरकस होता की प्रयोगाच्या टाकीत झोतासमोर आलेले मासे मरायचे, आणि हात घातला तर हाताला वेदना व्हायच्या.

यंत्र लढाईत उतरायच्या आत युद्ध संपलं. मग तेच तंत्र समुद्राची खोली मोजायला लागलं. आज क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिक असतं, पण तत्त्व तेच.

आणि होडीवाल्याची डोकेदुखीही त्यातूनच आलेली. पाण्यातला आवाज हवेला भिडला की जवळजवळ सगळा परत फिरतो. चकती आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा बुडबुडासुद्धा चालत नाही. म्हणून ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसापासून लांब बसवतात. होडीचा तळ भरीव फायबरचा असेल तर भोक न पाडता आतून चिकटवला तरी चालतो. मध्ये फोम किंवा लाकडाचा थर असेल तर विसरा. शिडाची होडी वाऱ्यानं कलते, म्हणून आवाजाचा झोत रुंद असलेला बरा, नाहीतर कललेली होडी तळाऐवजी बाजूचं पाणी मोजत बसते. आणि चकतीच्या खाली कील किती उतरली आहे, तो आकडा यंत्रात भरावाच लागतो. तो न भरता पडद्यावरचे दोन मीटर पाहून निर्धास्त झालात, तर कील वाळूत रुतलीच म्हणून समजा.

लांजव्हँ नाझींच्या विरोधात उघड बोलायचे. पॅरिस पडल्यावर ऑक्टोबर 1940 मध्ये त्यांना अटक झाली. साधारण चाळीस दिवस तुरुंग, मग त्रुआ गावात नजरकैद. जावई जाक सोलोमन हेही भौतिकशास्त्रज्ञ. 1942 मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. मुलगी एलेनला ऑशविट्झला पाठवलं, ती जिवंत परतली. 1944 मध्ये बहात्तराव्या वर्षी लांजव्हँ स्वित्झर्लंडला निसटले.

19 डिसेंबर 1946 ला ते गेले. दोन वर्षांनी त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेण्यात आले. मेरी क्युरी तिथं पोहोचल्या 1995 मध्ये. मधल्या काळात लांजव्हँ यांचा नातू मिशेल आणि मेरी यांची नात एलेन यांनी लग्न केलं होतं.