चहाचे बी आणणारा माळी
(इयत्ता सातवी)

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकतो, चहा पिकत नाही. तरी पाहुणा दारात आला की आधी चहाचा गंज चढतो. ही पत्ती मूळची कुठली, असे मी गुरुजींना विचारले. तेव्हा त्यांनी मला रॉबर्ट फॉर्च्यून यांची माहिती सांगितली.

फॉर्च्यून यांचा जन्म १८१२ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते शिकून माळी झाले. १८४३ मध्ये ते झाडे गोळा करायला चीनला गेले. नंतर १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चहाची रोपे आणायला पुन्हा पाठवले. परक्या माणसाला चीनच्या आतल्या मुलखात जायची मनाई होती. म्हणून त्यांनी डोके भादरले, मागे लांब वेणी लावली आणि चिनी कपडे घालून फिरले. हे ऐकताना मला लय मजा वाटली.

तोवर युरोपात पुष्कळांना वाटे, हिरव्या चहाचे झाड वेगळे आणि काळ्या चहाचे वेगळे. फॉर्च्यून यांनी डोळ्यांनी पाहिले, झाड एकच. फरक करण्यात आहे. हिरव्या चहाची पाने लवकरच कढईत गरम करतात. काळ्या चहाची पाने आधी कोमेजू देतात, चोळतात आणि तशीच ठेवतात. वांगे चिरून ठेवले की काळे पडते ना, तशी ती हवेने तांबूस होतात. मग विस्तवावर वाळवतात. वुयी डोंगरातला एक चहा तर चिडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्याला धुराचा वास येतो.

आधी पाठवलेली बहुतेक रोपे वाटेतच मेली. मग त्यांनी काचेच्या पेट्यांत माती घालून बी पेरले, ते जहाजावरच उगवले! १८५१ मध्ये १२,००० हून जास्त रोपे आणि चहा करणारे चिनी कारागीर घेऊन ते भारतात आले. ही रोपे हिमालयाच्या उतारावर लावली. आसामच्या जंगलात मात्र चहाचे झाड आधीपासूनच होते. फॉर्च्यून १८८० साली लंडनला वारले.

आबाजींना हे वाचून दाखवले तर ते म्हणाले की हा चोरच झाला. आपल्या घरचे बियाणे कोणी वेष पालटून नेले तर आपण त्याला थोर म्हणू का? मला उत्तर सुचले नाही. मेहनत खरी, पण विचारून नेले नाही हेही खरे. गुरुजींनी तेही लिहायला सांगितले.

रविवारी मी चिनी रीतीने चहा केला. पत्ती गंजात उकळली नाही. उकळते पाणी पत्तीवर ओतले, तीन-चार मिनिटे झाकले आणि गाळले. दूध नाही, साखर नाही. रंग लालभडक आला. चिनी लोक काळ्या चहाला लाल चहाच म्हणतात. पण आमची पत्ती दाणेदार, म्हणून कडू झाला. चिनी चहात अख्खी पाने असतात. मायने एकच घोट घेतला आणि काढा म्हणून ठेवून दिला. आबाजींनी मात्र सगळा पिला, आणि मग दुधाचा मागितला.