एक्सप्लेनर : ‘स्टेथोस्कोप’ शब्दाचा अर्थ काय? नाव देणाऱ्या डॉक्टरांचा आजारही त्यातूनच कळला
डॉक्टरांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपचा शोध लावला आणि त्याला हे नाव दिलं ते फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांनी. त्यांचा जन्म १७८१ मध्ये फ्रान्समधील कँपेर शहरात झाला.

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी त्यांच्याकडे आली. तेव्हा डॉक्टर छातीला थेट कान लावून तपासत. लेनेक यांना संकोच वाटला. त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं. ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली.

ग्रीकमध्ये ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेन’ म्हणजे पाहणं, तपासणं. म्हणून साधन ऐकण्याचं असलं, तरी नावाचा अर्थ ‘छाती तपासणारं’.

लिव्हरच्या आजाराला ‘सिरॉसिस’ हे नावही लेनेक यांनीच दिलं. ‘किरोस’ म्हणजे पिवळसर तपकिरी. आजारी लिव्हर तसं दिसायचं.

क्षयरुग्णांच्या छातीतले आवाज ते वर्षानुवर्षं नोंदवत राहिले. अखेर क्षयानं त्यांनाही गाठलं. नात्यातल्याच एका डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावला आणि तेच आवाज त्यांच्या छातीत ऐकू आले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, ४५व्या वर्षी लेनेक यांचं निधन झालं.