वैमानिक जे. आर. डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे उद्योगपती म्हणून सर्वांना परिचित आहेत. वरवंड परिसरात मिठापासून मालमोटारीपर्यंत टाटा हे नाव घरोघरी पोहोचले आहे. तथापि या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही त्यांच्यातील वैमानिक ठेवू इच्छितो. कारण दुसऱ्याचा भार स्वीकारणे म्हणजे काय, हे त्यांच्या जीवनाच्या त्या बाजूवरून अधिक स्पष्ट होते.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. ही संधी त्यांना घरच्या संपत्तीमुळे लाभली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लपवू नये. परंतु विमान एकदा हवेत गेले की संपत्ती कामास येत नाही.

१९२९ साली भारत व इंग्लंड यांमधील एकट्याच्या उड्डाणासाठी आगाखानांनी पारितोषिक जाहीर केले. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर त्यांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. अस्पी जिंकले आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डीं.नी एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. विमानात रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि स्वतःची नजर यांवरच भिस्त होती. पिशव्यांत अनोळखी माणसांची पत्रे होती. ती वेळेवर व सुखरूप पोहोचविणे हेच वैमानिकाचे कर्तव्य होते.

पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा ही सेवा पुण्यास, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलविली जाई. त्याच तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला होता. पहिल्या टपाल-उड्डाणाच्या अवघे तीन आठवडे आधी. देशात विमानयुग अवतरत असताना आपला समाज प्रतिनिधित्वाच्या हक्कासाठी झगडत होता आणि आपल्या मुलांना अनेक शाळांत वर्गाबाहेर बसावे लागत होते. या दोन्ही घटना आमच्या विद्यार्थ्यांनी एकत्र अभ्यासाव्यात, असे आम्हांस वाटते.

१९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही १९७८ पर्यंत ते अध्यक्षपदी राहिले. प्रवासात दिसलेली बारीकसारीक उणीवही ते टिपून ठेवीत व संबंधितांना कळवीत. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केले. १९९२ साली त्यांना भारतरत्न लाभले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

आज व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र व गणित, कठोर वैद्यकीय तपासणी आणि किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. खर्च मोठा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही वसतिगृहातील एखाद्या मुलीने वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर पालकांनी ती हसण्यावारी नेऊ नये. प्रथम तिच्या गणिताच्या वहीकडे लक्ष द्यावे. आणि माजी विद्यार्थ्यांनी तिच्या खर्चाचा विचार करावा.